फायबरच्या फॉर्ममागचे बारीक अक्षरांतले नियम: कोणते कायद्याचे, कोणते लाइनचे, कोणते नुसते छापलेले

प्रश्न विचारणाऱ्या ताई दिग्रस तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. गावातल्या केबलवाल्याकडून त्यांनी 100 एमबीपीएसचं 'अनलिमिटेड' फायबर कनेक्शन घेतलं. फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक इंग्रजीत वापराचे नियम होते, त्याखाली सही घेतली गेली. आता दर महिन्याला वीस तारखेच्या आसपास स्पीड पडते आणि विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "ताई, तुम्हीच नियम तोडून राहिल्या." केंद्रात येणाऱ्यांना त्या वायफायचा पासवर्ड देतात, शेजारच्या दिराच्या घरातही तेच वायफाय चालतं, दुकान आणि सोयाबीनचं गोदाम मिळून सहा कॅमेरे आहेत, आणि मुलगा रात्री सिनेमे उतरवून ठेवतो. यात नियमाबाहेरचं काय, गुन्हा काय, आणि केबलवाला कनेक्शन कापू शकतो का, हा त्यांचा प्रश्न.

ताई, मी याच पट्ट्यात लाइन टाकतो, कनेक्शन विकतो आणि हाच फॉर्म लोकांपुढे सहीला ठेवतो. तेव्हा माझं उत्तर थोडं केबलवाल्याच्या बाजूचं वाटलं तर तेवढं समजून घ्या. तुमचं भांडण स्पीडवरून आहे, म्हणून आधी ते घेतो. पण तुमच्या यादीत मला खरी काळजी वाटली ती पासवर्डची.

'अनलिमिटेड'ला मर्यादा असते आणि ती त्याच बारीक अक्षरांत लिहिलेली असते. मोठ्या कंपन्यांच्या घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला 3300 जीबी हा आकडा बरीच वर्षं दिसतो, आणि छोट्या ऑपरेटरनीही तोच उचललाय. दिवसाला 110 जीबी झाले. एचडी व्हिडिओला तासाला साधारण 3 जीबी लागतात, म्हणजे घरातला एक टीव्ही चोवीस तास चालू ठेवला तरी 72 जीबीच्या वर जात नाही. माणसांच्या वापराने ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. तुमची ओलांडते ती कॅमेऱ्यांमुळे.

हिशोब करून बघा. एक कॅमेरा क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवत असेल आणि त्याचा वेग 2 एमबीपीएस धरला, तर दिवसाला 21.6 जीबी. सहा कॅमेऱ्यांचे जवळपास 130 जीबी. वर केंद्राचं काम, दोन घरं आणि मुलाचे सिनेमे मिळून रोजचे 35 जीबी धरा. झाले 165. आता 3300 ला 165 ने भागा, बरोबर वीस दिवस येतात. तुमचा केबलवाला खोटं बोलत नाही, फक्त त्याने हे तुम्हाला बसून सांगायला हवं होतं. अपलोडचा डेटाही मोजला जातो हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीतच नसतं. 'मी तर काही डाउनलोड केलंच नाही' असं म्हणणारा माणूस आमच्या काउंटरवर रोज एक तरी असतो, आणि त्याच्या घरी कॅमेरे असतात.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सतत रेकॉर्डिंग बंद करा, हालचाल झाली तरच क्लाउडवर जाऊ द्या, आणि बाकीचं डीव्हीआरच्या हार्डडिस्कवर किंवा कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर साठवा. गोदामावर सोयाबीनची पोती आहेत, ती रात्रभर हलत नाहीत, त्यांचा चोवीस तासांचा सिनेमा क्लाउडवर ठेवून उपयोग काय? एवढं केलं तर वीस तारखेचं दुखणं त्याच महिन्यात थांबेल.

मर्यादा ठेवतातच का, तेही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे नियम पटणार नाहीत. तुमच्या घरातली तार एकट्या तुमची असली तरी पोलवरच्या डब्यात ती स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरच्या अनेक वाटा करणाऱ्या जोडणीला, जाते. तिथून एकच फायबर आमच्या मुख्य मशीनपर्यंत येते, त्याला ओएलटी म्हणतात. जीपॉन नावाच्या तंत्रात त्या एका सामायिक फायबरवर खाली येणारा वेग साधारण 2.5 जीबीपीएस आणि वर जाणारा 1.25 जीबीपीएस असतो. त्यावर 64 घरं असली आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर एका घराच्या वाट्याला डाउनलोडचे 39 आणि अपलोडचे 19 एमबीपीएस येतात. बऱ्याच खेड्यांत त्याऐवजी ईपॉन हे तंत्र आहे, तिथे दोन्ही बाजूंना सव्वा जीबीपीएसच. 100 एमबीपीएस विकता येतात ते एवढ्याच भरवशावर की सगळे एका वेळी ओढत नाहीत. एकाने चोवीस तास ओढलं तर रात्री आठला, मॅच चालू असताना, बाकीच्यांचा व्हिडिओ गोल गोल फिरायला लागतो.

मात्र मर्यादेच्या नावाखाली काहीही करायची मुभा ऑपरेटरला नाही. मर्यादा संपल्यावर सगळा वेग सारखा कमी करणं चालतं. फक्त यूट्यूब मंद करणं, किंवा अमुक ॲप जास्त डेटा खातं म्हणून तेवढंच अडवणं चालत नाही. 2018 मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे सगळ्या साइट आणि ॲपना सारखं वागवण्याची, अट ऑपरेटरच्या परवान्यातच घातली आहे. आणि जानेवारी 2023 पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच किमान 2 एमबीपीएस अशी आहे. मर्यादेनंतर तुम्हाला त्याच्याही खाली वेग मिळत असेल, तर रात्रीच्या गर्दीत न मोजता सकाळी, वायफायवर न मोजता केबल थेट कॉम्प्युटरला लावून मोजा, फोटो काढा आणि लेखी तक्रार करा.

आता पासवर्डकडे येतो.

कनेक्शन तुमच्या नावावर, तुमच्या आधारवर, तुमच्या पत्त्यावर दिलंय. त्या लाइनीवरून बाहेर जे जाईल ते आमच्या नोंदीत तुमच्या नावावर लिहिलं जातं. दिराचा मुलगा, केंद्रात सातबारा काढायला आलेला माणूस, एसटीची वाट बघत बाहेर ओट्यावर बसलेलं पोरगं, यांतलं कुणीही आमच्या मशीनला वेगळं दिसत नाही. आम्हाला फक्त तुमच्या घरातला फायबरचा डबा दिसतो.

या नोंदी ठेवणं हौस म्हणून नाही. परवान्यातल्या डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर त्या किमान 2 वर्षं जपून ठेवाव्या लागतात. आधी 1 वर्ष होतं. शिवाय खेड्यातल्या बहुतेक गिऱ्हाइकांना इंटरनेटचा स्वतःचा पत्ता नसतो. आयपी पत्ते कधीच संपलेत, आमच्यासारख्या छोट्या ऑपरेटरच्या हाती ते शेकड्यांतच असतात, तर गिऱ्हाइकं हजारांत. म्हणून एका बाहेरच्या पत्त्यामागे तीस-चाळीस घरं बसवतात, याला सीजी-नॅट म्हणतात. तुमच्या राउटरमध्ये 100.64 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही त्यातल्याच.

याचा परिणाम पोलिसांचं पत्र आल्यावर कळतो. पत्र पूर्वी सीआरपीसीच्या कलम 91 खाली यायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली येतं. त्यात एक आयपी पत्ता, तारीख आणि वेळ असते, आणि सात दिवसांत नाव-पत्ता द्या अशी मागणी. चांगल्या तपास अधिकाऱ्याने पोर्ट क्रमांकही लिहिलेला असतो, म्हणजे एकाच पत्त्यामागची घरं वेगळी ओळखायचा आकडा. तो असला की सीजी-नॅटच्या नोंदीतून नेमकं एक घर निघतं. नसला की त्या मिनिटाला त्या पत्त्यामागे असलेली सगळी घरं निघतात, आणि यादीत शाळेचे गुरुजी, किराणा दुकानदार आणि तुम्ही, सगळे एका रांगेत. आणखी एक घोळ वेळेचा. परदेशी कंपन्यांची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पत्रात सकाळचे दहा लिहिलेत ते आपले दुपारचे साडेतीन असू शकतात. हे तपासून न घेता कुणी नाव कळवलं तर भलत्याच्याच दारात गाडी उभी राहते. म्हणून तुमचा ऑपरेटर अशा पत्राला उत्तर देण्याआधी पोर्ट आणि वेळेचा खुलासा मागतो का, हे मी गिऱ्हाईक असतो तर नक्की विचारलं असतं.

उघड्या वायफायची भीती काल्पनिक नाही. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता. घरमालकाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण तपास आधी त्याच्याच दारात पोचला. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. तुमच्या फॉर्मवरचं 'गिऱ्हाइकाने वायफाय पासवर्डशिवाय ठेवू नये' हे कलम तिथून आलंय. गावात दहशतवादी कोण येतो म्हणाल, तर नाही येणार. पण ओटीपी विचारून पैसे काढणारा, मुलीचा फोटो बदलून टाकणारा, आयपीएलच्या हंगामात सट्ट्याची आयडी चालवणारा, हे सगळे तालुक्याच्या ठिकाणी आजच आहेत, आणि त्यांना दुसऱ्याच्या नावावरचं वायफाय हवंच असतं.

दिराच्या घराबद्दल माझं मत: पैसे न घेता सख्ख्याला वापरू देणं हा काही तुरुंगात जायचा गुन्हा नव्हे, पण जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये ते करारभंग धरलेलं असतं, कारण कनेक्शन एका पत्त्यासाठी दिलेलं असतं. दिराचं वीज मीटर वेगळं असेल तर कनेक्शनही वेगळं घ्या. छोटा प्लॅन पुरेल, आणि तुमचा महिन्याचा हिशोबही हलका होईल. शेजाऱ्यांकडून महिन्याला शंभर-शंभर रुपये घेऊन वायफाय वाटणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती परवान्याशिवाय सेवा विकणं ठरते. 2023 च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय दूरसंचार सेवा देण्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती शेजाऱ्याला वायफाय देणाऱ्यासाठी लिहिलेली नाही, मुख्यतः बेकायदा एक्सचेंजवाल्यांसाठी आहे, पण शब्द तेच आहेत.

बेकायदा एक्सचेंज म्हणजे काय ते सांगून ठेवतो, कारण खेड्यात खोली भाड्याने देणाऱ्यांना हे कळायला हवं. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणून सिम बॉक्स नावाच्या यंत्रातून लोकल नंबरचा करून सोडतात. यंत्रात पन्नास-शंभर सिम असतात. एखादा भाडेकरू 'ऑफिस टाकतो, नेट तुमच्या नावावर घ्या, भाडं दुप्पट देतो' म्हणाला, खोलीला कायम कुलूप ठेवत असला आणि आतून पंख्यासारखा आवाज येत असला, तर कनेक्शन त्याच्याच केवायसीवर घ्यायला लावा. घेत नसेल तर भाडेकरू बदला.

केंद्राचं काय? तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाचा फॉर्म भरून देता तोवर प्रश्न नाही. पण येणाऱ्याला कॉम्प्युटरसमोर बसवून इंटरनेट वापरू दिलं, तर तुमचं केंद्र सायबर कॅफेच्या नियमांत जाऊन बसतं. 2011 चे ते नियम सांगतात की ओळखपत्र बघायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ते किमान एक वर्ष ठेवायचं. आडोशाची फळी साडेचार फुटांपेक्षा उंच नसावी हेसुद्धा त्यात आहे. ई-पीक पाहणी करायला, किंवा भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) कपास किसान ॲपवर नोंदणी करायला लोक स्वतःचा मोबाइल घेऊन येतात आणि 'ताई, पासवर्ड द्या नं' म्हणतात, हे मला माहीत आहे. रेंज नसलेल्या गावात त्यांना नाही म्हणणं जड जातं. तरी मुख्य वायफायचा पासवर्ड देऊ नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करा, त्याला वेगळा पासवर्ड ठेवा, दर आठवड्याला बदला, वेगाची मर्यादा घाला. त्याने कायदेशीर जबाबदारी टळत नाही, पण तुमच्या केंद्राचा कॉम्प्युटर आणि लोकांची कागदपत्रं तरी परक्या मोबाइलपासून लांब राहतात.

लोकांना वायफाय द्यायचंच असेल आणि त्यातून चार पैसे मिळवायचे असतील, तर त्यासाठी सरळ रस्ता आहे: पीएम-वाणी. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदार किंवा तुमच्यासारखं केंद्र पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे लोकांना वायफाय देणारं केंद्र, होऊ शकतं. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही नाही. अशी केंद्रं एकत्र जोडणाऱ्या एका नोंदणीकृत कंपनीशी (ॲग्रिगेटर) जोडून घ्यायचं. प्रत्येक वापरणारा स्वतःच्या मोबाइल नंबरवर ओटीपीने आत येतो, त्यामुळे कोण आलं याची नोंद त्याच्या नावावर होते. ऑपरेटर या कामासाठी महागडी लीज्ड लाइनच (फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन) घ्या म्हणून अडायचे. जून 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ठरवून दिलं की 200 एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन या केंद्रांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. तुमच्या केबलवाल्याला हे माहीत नसेल, तर तुम्हीच सांगा.

आता एक नियम, जो वाचून लोक हसतात: 'कंपनीच्या परवानगीशिवाय फायबरला दुसरं उपकरण जोडू नये.' यात कंपनीचा डबे विकायचा स्वार्थ आहे असं वाटतं. थोडासा आहेही. पण नियम खरा आहे. मागच्या पावसाळ्यात एका गावातली ओएलटीच्या एका पोर्टवरची, म्हणजे एकाच फायबरवरची, सगळी घरं संध्याकाळी सातनंतर बंद पडायची आणि रात्री अकराला आपोआप सुरू व्हायची. तार तुटली असती तर डब्यावर लाल लाइट लागला असता. इथे लाल लाइट कुणाकडेच नव्हता, पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, हिरवा लाइट मात्र नुसता लुकलुकत राहायचा. वानरांनी तार ओढली, पोलवर पाणी गेलं, सगळे अंदाज झाले. शेवटी लाइनमन शिडी लावून स्प्लिटरजवळ बसला आणि एकेक घराची पिन काढत गेला. एक पिन काढली आणि ओएलटीवर बाकीची सगळी घरं एकदम हिरवी झाली. त्या घरात पोराने कंपनीचा डबा काढून ऑनलाइन मागवलेला मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर लॅन केबलला जोडणारा डबा, लावला होता. पॉनमध्ये, म्हणजे अशा सामायिक फायबरवर, प्रत्येक डब्याला वर बोलायची वेळ वाटून दिलेली असते, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी. हा कन्व्हर्टर त्याच 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशात अखंड बोलत होता. सभेत एकाने माइक धरून ठेवावा आणि अध्यक्षांनाही बोलू देऊ नये, तसला प्रकार. पोराचा हेतू वाईट नव्हता, त्याला गेममध्ये पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, कमी हवा होता.

तेव्हा स्वतःचा राउटर लावायचा तर खुशाल लावा, पण कंपनीच्या डब्याच्या पुढे, पिवळ्या लॅन केबलने. फायबरची पिन हलवू नका, आणि निघालेल्या पिनीच्या तोंडाशी डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो. विजा कडाडायला लागल्या की डब्याचा प्लगही काढा. काच वीज वाहत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या बऱ्याच तारांत ताणासाठी लोखंडी तार असते, आणि अडॅप्टर तर विजेच्या लाइनीवरच असतो.

कॅमेऱ्यांबद्दल अजून एक गोष्ट राहिली, आणि ती डेटापेक्षा गंभीर आहे. डीव्हीआर बसवणारा पासवर्ड बदलत नाही, आणि मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून जातो. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, ताब्यात घेतले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर वेबसाइटच्या नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. त्या व्हायरसच्या भावकीतले अजून फिरताहेत. एखाद्या कृषी केंद्राच्या डीव्हीआरमधून अचानक अपलोड भरून वाहायला लागतं, मालकाला पत्ता नसतो, आणि आम्हाला वरच्या कंपनीचा फोन येतो. असं झालं तर ऑपरेटर तुमची लाइन लगेच बंद करू शकतो, आणि माझ्या मते त्याने करावीच, कारण एका डीव्हीआरपायी सगळ्या गावाचा पत्ता काळ्या यादीत जातो. मग त्या पत्त्यामागच्या सगळ्यांना बँकेची साइट उघडताना 'तुम्ही माणूस आहात का' असं विचारलं जातं. सहाही कॅमेऱ्यांचा पासवर्ड आज बदला.

मुलाच्या सिनेमांबद्दल. टोरंटने सिनेमा उतरवताना तो त्याच वेळी दुसऱ्यांना पाठवलाही जातो. 'मी फक्त बघितला' हे म्हणणं तिथे टिकत नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63, शिक्षा 6 महिने ते 3 वर्षं. आपल्याकडे एकट्या बघणाऱ्याला धरल्याचं सहसा दिसत नाही, कोर्टाच्या आदेशाने साइटच अडवल्या जातात. पण अशा साइटवर सिनेमाबरोबर जे फुकट येतं त्याची मला जास्त भीती वाटते, आणि तुमच्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, पासबुक, सातबारे आहेत. त्या कॉम्प्युटरवर तरी बंद करा.

एक गोष्ट मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, लाजू नका. लहान मुलांची अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ, गंमत म्हणून ग्रुपवर आलेले असले तरी, ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोक्सोच्या (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) संदर्भात याचा अर्थ आणखी कडक केलाय. आणि इथे 'कोण बघतं' हा भ्रम आहे. अमेरिकी कंपन्या अशी सामग्री दिसली की तिथल्या एनसीएमईसी या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवतात, तिच्याकडून 2019 च्या करारानुसार ती माहिती आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला (एनसीआरबी) येते, तिथून राज्य, राज्यातून जिल्ह्याचं सायबर ठाणं, आणि तिथून आमच्याकडे आयपी पत्ता विचारणारं ते पत्र.

यावरून तुमच्या मनात येईलच, की तुम्ही आमचं सगळं बघता का? नाही. कोणत्या पत्त्याशी, किती वाजता, किती डेटा, एवढं नोंदीत असतं. साइटचं नाव बऱ्याचदा कळू शकतं. आत काय वाचलं, व्हॉट्सॲपवर काय लिहिलं, बँकेत किती शिल्लक आहे, हे दिसत नाही. काही ऑपरेटर 'आम्हाला सगळं दिसते बरं' असं सांगून गिऱ्हाइकावर वचक ठेवतात. ती नुसती फुशारकी आहे.

व्हीपीएन, म्हणजे डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय, वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही, कंपन्यांची घरून कामं त्यावरच चालतात. त्यातून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. तुमच्या फॉर्मवर '40 बिटपेक्षा जास्त एन्क्रिप्शन (डेटाला लावायचं कुलूप) वापरू नये' असं कलम असेल तर ते बघून हसा. ते जुन्या परवान्यातलं आहे. आज तुम्ही उघडता त्या प्रत्येक सरकारी पोर्टलचं कुलूप त्याहून कितीतरी मोठं असतं. ते कलम पाळायचं तर महाडीबीटीसुद्धा उघडता येणार नाही. फॉर्म कुठून तरी उचलून छापलाय, एवढाच त्याचा अर्थ.

बाकी जी लांबलचक यादी असते, म्हणजे दुसऱ्याची बदनामी, अश्लीलता, जुगार, व्हायरस, देशाच्या एकतेला धोका, ती मात्र केबलवाल्याने रचलेली नाही. 2021 च्या आयटी नियमांत मध्यस्थाने, म्हणजे सेवा देणाऱ्याने, हे गिऱ्हाइकाला सांगायचंच आहे, ठराविक काळाने आठवणही द्यायची आहे. ते पाळलं तरच आयटी कायद्याच्या कलम 79 खाली त्याला तुमच्या कृत्यापासून संरक्षण मिळतं. म्हणून सगळ्यांच्या फॉर्मवर तीच यादी दिसते. आणि यातला तुमच्या कामाचा भाग असा: ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीनंतर हे नियम गिऱ्हाइकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या त्याच्या पसंतीच्या भाषेत मिळायला हवेत. मराठी त्यात आहे. तुम्ही मराठी प्रत मागा. छोट्या ऑपरेटरकडे ती नसेल, पण ज्या कंपनीची तो फ्रँचायझी चालवतो तिच्याकडे मागायला लावा.

कापण्याचा प्रश्न. लाइनीला धोका होतोय, व्हायरस सुटलाय, मीडिया कन्व्हर्टर लागलाय, तर लगेच. सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आहे, तर लगेच. डेटा जास्त वापरला म्हणून कनेक्शन कापता येत नाही, वेग कमी करता येतो, तोही प्लॅनमध्ये आधीच लिहिलेला असेल तर. घरगुती प्लॅनवर केंद्र चालवताय हे मात्र त्याच्या हातातलं खरं कारण आहे. तो तुम्हाला मुदत देऊन धंद्याच्या प्लॅनवर जा म्हणू शकतो. तुम्ही त्यावर जाच. थोडे पैसे जास्त लागतील, पण मर्यादा मोठी मिळेल, जीएसटीचं बिल मिळेल, आणि ऐन पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला लाइन गेली तर दुरुस्तीला आधी तुमच्याकडे यायची लेखी हमी मागता येईल. तुम्ही फेसबुकवर कुणा पुढाऱ्याविरुद्ध लिहिलं म्हणून कनेक्शन कापणं हे त्याचं काम नाही. न्यायाधीशाची खुर्ची त्याला कुणी दिलेली नाही.

तक्रार करायची तर चौकात भेटल्यावर सांगू नका. कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो द्यावाच लागतो. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. तिथेही नाही जमलं तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्या पूर्वी 'आमचा वाद ग्राहक मंचात चालत नाही' म्हणून सुटायच्या, फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दरवाजा उघडा असल्याचं सांगितलंय. जाताना फॉर्मची दोन्ही बाजूंची प्रत, बिलं आणि वेग मोजल्याचे फोटो न्या. फॉर्मची प्रत तुमच्याकडे नसेल, तर उद्या सकाळी केबलवाल्याकडून पहिलं काम तेच करून घ्या.